पांढऱ्याची मुळी

आनंदाबाईले जिंदगीभर एकाच झाडाचं भेव होतं, अन ते झाड तिनं आपल्याच हातानं लावलं होतं. कन्हेर. पांढऱ्या फुलाची.

आता ती गेली. मानूस गेल्यावर लोक म्हनतात चांगली होती, देवगुनी होती. होतीच. पन ती भेवाडू होती हे कोनी सांगत नाही, अन ते सांगतल्याबिगर आनंदाबाई पुरी होत नाही.

सानगडीत वासुदेवरावाच्या घरामागं सांदवाडी होती, म्हनजे परसबाग. वासुदेवराव म्हनजे तिचा मालक. धानाची शेती, अन बाजाराच्या दिवशी मीठ-मसाल्याचं दुकान. लोक आपल्या सांदवाडीत वांगे लावत, वाल लावत, दोडक्याचा वेल चढवत. आनंदाबाईनं फुलं लावली. सासू जित्ती होती तेव्हा म्हने, "फुलं काय शिजवून खाशीन वं?" आनंदाबाई हासे अन आनखी एक फांदी मातीत खोचे.

तिले झाड निवडता येये. कोनी बाई आली अन म्हनली का मले एखादं फुलझाड द्या, त ती पयले विचारे, "तुमच्याकडे बकऱ्या हायेत का? ऊन कोन्या अंगानं येते? न्हानीचं पानी कोनीकडे जाते?" ते सारं आयकून मंग झाड देये. बकऱ्या असन त जास्वन लावू नको, बकरी जास्वन अशी खाते जशी नवी नवरी जिलेबी खाते. सावली असन त चांदनी ने, ते सावलीत कुरकुर करत नाही. मोगरा नेशीन त माघात त्याची पानं ओरबाडून टाक, पानी तोड, तहानेनं रडू दे त्याले, मंग खत घालून पानी पाज, पाय कसा फुलते त. रातरानी दारात नको, मांगं लाव, वासानं साप येतेत म्हनतात, खरं का खोटं मी नाही पायलं पन आपन कायले साप बोलवाचा. जास्वनीले पांढरा चिकटा धरला त तंबाखूचं पानी मार, वरून राख.

कन्हेर मात्र ती कोनाले देत नसे.

कन्हेर तिनं कुंपनाले लावली होती, कारन बकरी कन्हेरीले तोंड लावत नाही. मोहल्ल्यात पन्नास बकऱ्या. कन्हेर नसती त सांदवाडीत काडी उरली नसती. पन ते झाड जहरी. पान जहरी, मुळी जहरी, लाकडाचा धूरही वाईट. पावसाळा सरता सरता ती कन्हेर छाटे, पन छाटलेल्या फांद्या चुलीत नाही का गोठ्याकडे नाही, खड्डा खंदून पुरे. हात राखेनं धुये, मंग साबनानं धुये, मंग पुन्हा राखेनं. कोनाचं लेकरू कुंपनाजवळ गेलं का हिचा जीव खालीवर. हातातलं काम टाकून पये.

वासुदेवराव म्हने, "अवं, इतकं भेव लागते त उपटून टाक ना."

"उपटली त बकऱ्या सारं साफ करतीन."

"मंग भेऊ नको."

"ते कसं जमन?"

अशी ती भेवाच्या कुंपनात फुलं वाढवे.

तिच्याकडे बायका आनखी एका कामासाठी येत. पांढऱ्या जास्वनीची मुळी. दुधात उगाळून घेतली का बायकाइच्या त्रासावर गुन येते, हे आनंदाबाईले तिच्या मायनं सांगतलं होतं. पांढरी जास्वन गावात दुसऱ्या कोनाकडे नव्हती. आता ह्या त्रासाचं नाव बाई मोठ्यानं कशी घेईन? ओट्यावर मानसं बसून राहतात. म्हनून बायका हळूच येत अन म्हनत, "काकी, पांढऱ्याची मुळी पायजे होती." बस, इतकंच. आनंदाबाई समजून जाय.

अन मुळी काढाची रीत होती. आदल्या दिवशी झाडाले आवतन द्याचं. हळद-कुंकू, चिमूटभर तांदूळ, अन फांदीले पिवळा धागा. मंग दुसऱ्या दिवशी पहाटे जिले पायजे तिनं यावं, धागा पाहून मुळी काढावी अन जावं. आवतन देल्यावर झाडाचं नाव घ्याचं नाही. येतानी बोलाचं नाही, जातानी बोलाचं नाही, देनारीनंही बोलाचं नाही. बोललं का गुन जाते. आनंदाबाईची माय मुक्यानंच मुळी देये, तिच्या मायची मायही.

ही गोष्ट सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची. भादवा लागला होता.

शेजारच्या गिरजाबाईची सून चंद्रकांता. लगन होऊन दोन-तीन वर्स झाले होते, पन पोरगी वाळून चालली होती. गालाची हाडं दिसत. तिज, म्हनजे हरतालका, आली होती, तिजेले मायेरी जाची होती. ती दुपारी आली. ओट्यावर वासुदेवराव अन आनखी दोघं-तिघं सुपारी कातरत बसले होते. चंद्रकांतानं पदर तोंडाशी धरला.

"काकी, पांढऱ्याची मुळी देता का? आमच्या बुढीले नका सांगू."

"नाही सांगत. आजच आवतन देतो. उद्या पहाटे ये. धागा पाहून घे. अन…" आनंदाबाईनं ओठावर बोट ठेवलं.

पोरीनं मान हालवली अन गेली. आनंदाबाईनं जास्वनीले आवतन देलं, धागा बांधला, अन संध्याकाळी तलावावर कपडे धुवाले गेली. बस.

सकाळी आनंदाबाई दात घासत सांदवाडीत गेली. बोटाले तंबाखूचा गुडाखू लागून होता. पयले तिनं जास्वन पायली. जास्वनीची धाग्याची फांदी मोडून पडली होती, शेंडे कुरतडले होते, अन बुडाची माती जशीच्या तशी. तिले वाटलं, आली नाही वाटते पोरगी. मंग तिची नजर कुंपनाकडे गेली.

कन्हेरीच्या बुडाशी खड्डा होता. ताजा. वर छाटलेल्या खोडाले पिवळा धागा.

गुडाखूचं बोट तोंडातच राहिलं.

"अजी!" कसंतरी बाहेर पडलं. "अजी, इकडे या! हा धागा… हा धागा कन्हेरीले कोनं बांधला?"

वासुदेवराव कप घेऊन आला. "मी बांधला. काल तू तलावावर गेल्ती ना, परसरामची काळी बकरी फाटकातून शिरली. जास्वनीची फांदीच मोडली भोकनीनं. धागा खाली पडून होता. देवाचा धागा, पायाखाली नको यावा म्हनून उचलला. म्हनलं जास्वनीले बांधला त बकरी पुन्हा खाईन. कन्हेरीले बकरी येत नाही, म्हनून तिथं बांधला." त्यानं चाय पेली. "काहून? चुकलं का?"

आनंदाबाई खाली बसली. मातीतच बसली.

"मुळी नेली पोरीनं," ती म्हनली. "कन्हेरीची नेली."

वासुदेवरावाच्या हातचा कप पडला नाही, पन चाय त्यानं तिथंच मातीत ओतून देली. इतके वर्स ते झाड घरात होतं, त्यालेही मालूम होतं.

ती धावत गिरजाबाईकडे गेली. गिरजाबाई सारवत होती.

"चंद्रकांता कोठी हाये वं?"

"गेली ना मायेरी. पहाटेच भाऊ रेंगी घेऊन आला होता. तिजेसाठी." रेंगी म्हनजे हलकी बैलगाडी. गिरजाबाईनं शेनाचा हात वर करून पायलं. "काहून वं? सकाळी सकाळी तोंड नाही धुतलं का? सारं तोंड काळं हाये तुझं."

"काही नाही… फुलं पायजे म्हने तिले. तिजेच्या पूजेले."

"फुलासाठी इतकी धावत आली? लय माया आली माह्या सुनेची. मले त कधी एक फूल नाही देल्लं."

आनंदाबाईच्या जिभेवर सारं आलं होतं. सांगून टाकावं. पन सासूले सांगू नका म्हनली होती पोरगी. अन सांगतलं त गिरजाबाई पयले छाती पिटन, मंग गाव जमा करन, मंग विचारन का कोन्या रोगाची मुळी, अन ह्या सगळ्यात ते पोरगी तिकडे पिऊन बसन. ती तशीच फिरली. मांगून गिरजाबाई म्हनली, "येडी झाली का काय!"

चंद्रकांताचं मायेर खैरटोलीले. सानगडीच्या तलावाच्या पाळीवरून जाचं, मंग धानाच्या बांधीतून, मंग थोडं जंगल. वासुदेवरावानं सायकल काढली. मांगं कॅरिअरवर आनंदाबाई. ती जिंदगीत सायकलवर बसली नव्हती, पन त्या दिवशी बसली.

"घट्ट धर," वासुदेवराव म्हने.

"तुम्ही जोरानं चालवा."

"पाळीवर चिखल हाये. पडलो त तलावात जाऊ दोघंही."

"जाऊ त जाऊ. चालवा."

तिच्या डोळ्यासमोर एकच दिसे. पाटा. पाट्यावर थोडंसं दूध. चंद्रकांताची माय मुळी घेऊन गोल गोल उगाळून राहिली. उद्या तिज, म्हनजे उद्या निर्जळ उपास, पानीही नाही. म्हनजे माय म्हनन, उद्या त घेता येत नाही, आजच पिऊन घे. आजच. पोचल्या पोचल्या. रेंगी पहाटे निघाली. ती मनात रेंगीच्या मांगं मांगं धावे. आता जंगल लागलं असन. आता ओढा. आता घर. आता पाटा.

बांधीत सायकलीचं चाक रुतलं. वासुदेवरावानं सायकल तिथंच आडवी टाकली. दोघं पायानं निघाले. आनंदाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं. धान गुडघ्याएवढं होतं, वाऱ्यानं हाले, अन तिले वाटे का सारं धान तिच्याकडे पाहून राहिलं.

"जास्वनच होती असं समजू," वासुदेवराव धापा टाकत म्हनला. "होऊ शकते ना, तिनं जास्वनीचीच काढली असन…"

"खड्डा मी पायला ना."

"हो," तो म्हनला. अन आनखी जोरानं पाय उचलले.

खैरटोलीत पोचले तेव्हा घरासमोर दोन-चार बाया उभ्या होत्या. आनंदाबाई त्याइच्या मधातून दाराकडे धावली. आतून ओकाऱ्याचा आवाज येऊन राहिला होता.

चंद्रकांता भिंतीशी पडून होती. तोंडाजवळ फेस. माय कुंताबाई तिची पाठ चोळून राहिली होती. बाजूले पितळी वाटी, तिच्यात अर्धं दूध. कुंताबाईनं वर पायलं अन तिले बरं वाटलं, बिचारीले वाटलं दवा देनारीच आली.

"या काकी! पाहा ना, अर्धी वाटी पेली अन ओकून राहिली. कडू हाये म्हने. मी म्हनलं दवा कडूच असते, नाक दाबून पे. गुळ देतो अन उरलेलं पाजतो…"

आनंदाबाईनं वाटी उचलून अंगनात फेकली.

कुंताबाईनं डोळे फाडून पायलं. आनंदाबाईनं तिच्या कानाशी तोंड नेलं अन दोनच शब्द सांगतले. कुंताबाईचा हात लेकीच्या पाठीवर जिथं होता तिथंच राहिला.

तीच रेंगी पुन्हा जुंपली. साकोलीच्या दवाखान्याकडे निघाले. चंद्रकांताचा बाप गाडी हाकत होता, भाऊ घनश्याम मांगं मांगं धावत होता, वासुदेवराव त्याच्या मांगं. बापाले अन भावाले एवढंच सांगतलं होतं का पोटात बिघाड झाला. आनंदाबाईनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मनगट धरलं होतं. नाडी लागे, मंग दम खाये, मंग पुन्हा लागे. ते मधलं थांबनं आनंदाबाई मरेपर्यंत विसरली नाही. झोपेत आपलंच मनगट धरून बसे.

चंद्रकांतानं डोळे उघडले.

"काकी, सारं पिवळं काहून दिसते?"

आनंदाबाईनं आभाळाकडे पायलं. आभाळ काळं होतं, भादव्याचं.

"ऊन पडलं बाई," ती म्हनली.

"तुमचं तोंडही पिवळं हाये."

"हळद लावली मी. तू बोलू नको."

"बोललं का गुन जाते," पोरगी म्हनली, अन ओकली.

दवाखान्यात डॉक्टर जवान होता. त्यानं नाडी पायली, डोळे पायले, कपाळाले आठ्या पाडल्या. "काय खाल्लं हिनं?"

कुंताबाई म्हनली, "शिळी भाजी, साहेब. कालची."

डॉक्टरनं पुन्हा नाडी धरली. "शिळ्या भाजीनं असं होत नाही. खरं सांगा. काय खाल्लं ते नाही सांगाल तर मी औषध कशाचं देऊ?"

"भाजीच, साहेब. अन थोडं दूध."

कुंताबाईचा मालक उभा होता. पोरगा उभा होता. दाराशी पाच-सहा परके मानसं. त्या साऱ्यासमोर कुंताबाई कशी सांगन का लेकीले कोनता त्रास हाये अन कोनती मुळी पेली? सासरी कळलं त? टाकून देतीन पोरीले. तिनं आनंदाबाईकडे पायलं. नजरेनंच म्हनली, नको बोलू वं माय. हात जोडतो.

आनंदाबाईले दोन्हीकडून भेव लागलं. बोलली त लोक म्हनतीन हिनंच जहर देल्लं, करनी केली. गिरजाबाई सकाळीच म्हनली होती का लय माया आली. तीच साक्ष देईन. अन नाही बोलली त… हातातलं मनगट पुन्हा थांबलं होतं. ती वाट पाहे. लागत नव्हतं. लागत नव्हतं. मंग लागलं.

"कन्हेर," ती म्हनली.

"काय?"

"कन्हेर! पांढऱ्या कन्हेरीची मुळी पेली ते. दुधात उगाळून. अर्धी वाटी. बायकाइच्या त्रासासाठी जास्वनीची द्याची होती, कन्हेरीची गेली. माह्या घरची हाये. मी देली."

ती इतक्या मोठ्यानं बोलली का बाहेरच्या मानसाइलेही आयकू गेलं. डॉक्टर तसाच पयत गेला, नर्सले हाका मारल्या. नळी आनली, पोट धुवाले घेतलं, सुया देल्या.

घनश्यामनं आनंदाबाईचा दंड धरला. "माह्या बहिनीनं काय बिघडवलं होतं तुमचं? सांगा!"

"सोड तिले," वासुदेवराव मधात आला. चिखलानं भरलेला, छाती धपापून राहिली होती. "धागा मी बांधला. माराचं असन त मले मार."

घनश्यामनं मारलं नाही. तिथंच भिंतीले टेकून रडाले लागला.

त्या दिवशी अन दुसऱ्या दिवशीही आनंदाबाई दवाखान्याच्या पायरीवरून हालली नाही. कुंताबाई तिच्याशी बोलत नव्हती, पन उठूनही जात नव्हती. दोघी एकाच पायरीवर, दोन टोकाले. आतून चप्पल वाजली का दोघीही दचकून उठत. नर्स नुसती पान्याची बादली घेऊन जाय. पुन्हा बसत. तिज तशीच गेली. दोघीइनं पानी घेतलं नाही, पन उपास म्हनून नाही.

पोरगी वाचली. डॉक्टर म्हनला, नाव लवकर सांगतलं म्हनून. चंद्रकांतानं डोळे उघडले, आनंदाबाईले पायलं अन हळूच म्हनली, "काकी, मले शक आल्ता. म्हनलं हे त कन्हेर दिसते. पन धागा होता. अन बोलाचं नव्हतं ना. कोनाले विचारू?"

आनंदाबाईनं तिचं मनगट हातात घेतलं.

"लय कडू होती वं तुमची दवा," पोरगी म्हनली अन हासली.

गिरजाबाईले सारं कळलंच. तिनं आठ दिवस मोहल्ला डोक्यावर घेतला. पन सून टाकली नाही. उलट तिले साकोलीच्या दवाखान्यात दाखवाले घेऊन गेली, अन तिथल्या गोळ्याइनं पोरीचा त्रास कमी झाला. आनंदाबाईले मात्र ती कित्येक महिने "जहरवाली" म्हने. आनंदाबाई आयकून घेये.

कन्हेर वासुदेवरावानं उपटून टाकली, विचारलं नाही. अन बकऱ्याइनं महिनाभरात चांदनी खाल्ली, अबोली खाल्ली, जास्वनीचं नुसतं खोड ठेवलं. मंग त्यानं बोरीच्या काट्याचं कुंपन घातलं. जास्वन पुढच्या पावसाळ्यात खोडातून पुन्हा फुटली.

बायका काही दिवस आल्या नाही. मंग एक दिवस दुसऱ्या मोहल्ल्यातली शकुनबाई आली. ओट्यावर मानसं होते. तिनं पदर तोंडाशी धरला.

"काकी, पांढऱ्याची मुळी…"

"पांढऱ्याची कायची?" आनंदाबाई म्हनली. मोठ्यानं.

शकुनबाई कावरीबावरी. "अवं काकी, हळू…"

"हळू नाही. कायची मुळी? नाव घे."

मानसाइनं माना खाली घातल्या. एक जन उठून गेला. वासुदेवराव सुपारी कातरतच राहिला.

"जास्वनीची," शकुनबाई पुटपुटली.

आनंदाबाई तिले हाताले धरून सांदवाडीत घेऊन गेली. ना आवतन, ना धागा. भर दुपारी. जास्वनीचं पान तोडून तिच्या हातात देलं, हे पाय, रुंद हाये, कडेले दाते हायेत. मंग खुरपं घेतलं अन माती उकरू लागली. मुळी तोडली, धुतली, पुन्हा एकदा वास घेतला, पुन्हा झाडाकडे पायलं, पुन्हा मुळीकडे. मंगच देली.

"काकी, आता गुन येईन का? आपन त बोललो."

"मालूम नाही. गुन नाही आला त दवाखान्यात जा," आनंदाबाई म्हनली. "चाल, पुन्हा सांग. काय घेऊन चालली तू?"

"जास्वन."

"मोठ्यानं."

"जास्वन, काकी! पांढरी जास्वन!"

"जा आता," ती म्हनली. पन फाटकापर्यंत मांगं मांगं गेली, अन शकुनबाई मोहल्ल्याच्या वळनाआड जाईस्तोवर तिच्या हातातल्या मुळीकडे पायत उभी राहिली.